पॅप-ए कमी आलंय, आता बाळ नीट वाढेल ना?

*डॉक्टर मॅडम, मी २९ वर्षांची आहे. कोपरखैरण्याला राहते, महापेला नोकरी करते. पहिलंच बाळंतपण, साडेतेरा आठवडे झालेत. बाराव्या आठवड्यात एनटी स्कॅन आणि डबल मार्कर केला. डाऊन सिंड्रोमसाठी ‘लो रिस्क’ आलं, पण खाली पॅप-ए ०.३१ एमओएम असं लिहून शेजारी खाली जाणारा बाण आहे. आमच्या डॉक्टरांनी रात्री घ्यायला अ‍ॅस्पिरिन १५० मिलिग्रॅम लिहून दिली आणि “वाढीवर लक्ष ठेवू” म्हणाल्या. ओपीडीत गर्दी होती, मला काही विचारायला सुचलंच नाही. घरी येऊन मोबाइलवर वाचलं तर वाढ खुंटते, बाळ पोटातच दगावतं, असं काय काय. त्यात एका लॅबमधून फोन आला की वारेची तब्येत सांगणारी नवी रक्तचाचणी आहे, दर महिन्याला करा, पॅकेज लावून देतो. सासूबाई म्हणतात, नीट खात नाहीस म्हणून हे झालं. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, त्या गोळीने रक्त पातळ होतं, घेऊ नकोस. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की चिपळूणला माहेरी जायचं ठरलंय. माझं वजन ६६ किलो, बीपी नॉर्मल. रिपोर्टचा फोटो जोडलाय. माझं काही चुकलं का? आणि आता नेमकं काय करू? — एक वाचक, कोपरखैरणे*

वयाने तू माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

तुझ्या रिपोर्टचा फोटो मी मोठा करून पाहिला. सगळ्यांची नजर जाते त्या बाणाकडे. मी आधी वरचा भाग वाचला, जिथे तुझं वय, सोनोग्राफीची तारीख, बाळाची लांबी आणि तुझं वजन छापलंय. वजनाच्या रकान्यात ५२ किलो आहे. पत्रात तू ६६ लिहितेस. फॉर्म भरताना कुणीतरी जुन्या कागदावरून वजन उतरवलं असणार. रक्त घेताना काट्यावर उभं केलं नाही की असं होतं.

ही किरकोळ बाब नाही. पॅप-ए हे वारेत तयार होऊन आईच्या रक्तात उतरणारं प्रथिन आहे. आईचं वजन जास्त, तर तिच्या अंगातलं रक्तही जास्त, आणि त्यात हे प्रथिन तेवढं विरळ होतं. म्हणून लॅबचं सॉफ्टवेअर आधी ठरवतं की इतक्या वजनाच्या आणि इतक्या आठवड्यांच्या बाईच्या रक्तात साधारण किती पॅप-ए असायला हवं. मग तुझ्या रक्तात प्रत्यक्ष जे सापडलं त्याला त्या अपेक्षेने भागतात. हा भागाकार म्हणजे एमओएम. अगदी मधोमध असलेल्या बाईचा तो १ येतो. तुला ५२ किलोची धरल्यामुळे अपेक्षा चढी लागली आणि तुझा आकडा आहे त्याहून खाली दिसला.

तेव्हा उद्याच लॅबला फोन कर आणि खरं वजन कळवून सुधारित रिपोर्ट माग. पुन्हा रक्त द्यावं लागत नाही, आकडेमोड नव्याने करायची असते. फोनवर असतानाच मधुमेह, आयव्हीएफ आणि तंबाखू-सिगारेट हे रकाने बरोबर भरलेत ना तेही विचार, कारण त्यांनीही हिशोब बदलतो. तुझे आठवडे पाळीच्या तारखेवरून न धरता सोनोग्राफीतल्या बाळाच्या लांबीवरून, म्हणजे सीआरएलवरून धरलेत. ते योग्यच आहे.

आता, दुरुस्ती झाली की सगळं मिटलं असं मात्र समजू नकोस. आकडा थोडा वर सरकेल, १ व्हायचा नाही. तुझं पॅप-ए खालच्या बाजूलाच आहे असं धरून चालू. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ०.४१५ च्या खालचं पॅप-ए हे बाळ लहान राहण्याच्या जोखमीचं एक मोठं कारण धरलं होतं. बरेच ठिकाणी सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांची रेघ वापरतात. आणि ती रेघच अशी आहे की शंभर गरोदर बायकांतल्या पाच जणी तिच्याखाली येणारच. त्यातल्या बहुतेक जणींची बाळं चांगल्या वजनाची जन्मतात. तू मोबाइलवर जे वाचलंस ते उरलेल्या थोड्या जणींबद्दल होतं, पण वाचताना तसं कळत नाही.

हे प्रथिन करतं काय, तेही समजून घे. बाळाच्या आणि वारेच्या वाढीला चालना देणारा आयजीएफ नावाचा घटक रक्तात मोकळा फिरत नसतो. दुसऱ्या एका प्रथिनाने त्याला धरून ठेवलेलं असतं. पॅप-ए त्या धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला कापतं आणि आयजीएफ मोकळा होतो. पॅप-ए कमी म्हणजे वार सुरुवातीला जरा हळू कामाला लागली असावी, एवढा अंदाज त्यातून निघतो. शास्त्रज्ञांना हे प्रथिन सापडलं १९७४ मध्ये. पुढे ते डाऊन सिंड्रोमच्या तपासणीत आलं आणि त्या वाटेने तुझ्या रिपोर्टवर. तुझी डबल मार्कर मुळात त्या कामासाठी होती आणि त्याचं उत्तर ‘लो रिस्क’ असं आलंय. पॅप-ए कमी आहे हे धरूनच सॉफ्टवेअरने ते उत्तर काढलंय, त्यामुळे त्याची पुन्हा वेगळी धास्ती घेऊ नकोस. कुणी सुचवलं म्हणून केवळ या आकड्यासाठी एनआयपीटी ही रक्तचाचणी करायला धावू नकोस. ती गुणसूत्रांबद्दल सांगते, बाळ किती वाढेल याबद्दल नाही.

आता तो लॅबचा फोन. ज्या चाचणीचं पॅकेज तुला सांगितलं ती बहुधा एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांच्या गुणोत्तराची असणार. चाचणी चांगली आहे, थोतांड नाही. पीएलजीएफ वारेतल्या रक्तवाहिन्या वाढायला मदत करतं. वार अडचणीत आली की ते कमी होतं आणि त्याला अडवणारं एसएफएलटी-१ वाढतं. पण ही चाचणी कुणासाठी तपासली गेली ते बघ. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉग्नोसिस नावाच्या अभ्यासात २४ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यानच्या अशा बायका होत्या, ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणारा आजार, होतोय की काय अशी शंका डॉक्टरांना आली होती. म्हणजे बीपी चढलेलं, लघवीतून प्रथिन जातंय, असं काहीतरी. त्यांच्यात गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी आलं तर पुढचा आठवडाभर प्रीएक्लॅम्प्सिया होणार नाही हे ९९ टक्क्यांहून जास्त खात्रीने सांगता आलं. पण ३८ च्या वर आलेल्यांपैकी पुढच्या चार आठवड्यांत आजार खरोखर दिसला तो साधारण ३७ टक्के जणींतच. थोडक्यात, शंका असलेल्या बाईला “आज घरी जा” असं सांगायला ही चाचणी फार उपयोगाची. ब्रिटनमध्येही तिची शिफारस आहे ती मुदतीआधीच्या प्रीएक्लॅम्प्सियाची शंका आली तरच.

तुझं बीपी नॉर्मल, आठवडे साडेतेरा. तुझ्यासाठी दर महिन्याला तिच्यावर काही हजार रुपये घालवण्यात अर्थ नाही. चांगला आकडा आला तर तू निर्धास्त होऊन सोनोग्राफी टाळशील, वाईट आला तर महिनाभर झोप उडेल, आणि दोन्ही वेळा करायचं ते तेच, बाळाचं माप घेणं. पुढे अठ्ठाविसाव्या-तिसाव्या आठवड्यात बीपी वाढलं किंवा बाळ मापात मागे पडलेलं दिसलं आणि तुझ्या डॉक्टरांनी ही चाचणी सांगितली, तर जरूर कर. ती कधी करायची हे लॅबने फोनवर ठरवू नये.

रक्तावरून किंवा लघवीवरून वारेची तब्येत ओळखायची ही धडपड जुनी आहे. पूर्वीच्या काळी गरोदर बाईची चोवीस तासांची लघवी बाटलीत गोळा करून त्यातलं इस्ट्रिऑल मोजायचे. आकडा घसरला की सगळे घाबरायचे. ती पद्धत मागे पडली, कारण तिने बाळं वाचत नव्हती. आज आपल्याकडे क्वाड्रुपल मार्कर या रक्तचाचणीत एएफपी, एचसीजी, इस्ट्रिऑल, इन्हिबिन असतं. त्यातलं एएफपी बाळात काही व्यंग नसताना बरंच वाढलेलं आलं तर तेही वारेकडे बोट दाखवतं. पण या सगळ्या मार्करची एकच मर्यादा आहे. ज्या बायकांचे मार्कर अगदी नीट, त्यांच्याकडेही वाढ खुंटलेली बाळं जन्मतात, आणि ज्यांचे बिघडलेले, त्यांच्यातल्या बहुतेकींची बाळं गुटगुटीत निघतात. रक्त एवढंच सांगतं की या बाईकडे जरा जास्त लक्ष द्या. वाढ मोजायची ती पोटातच.

म्हणून तुझ्या डॉक्टरांचं “वाढीवर लक्ष ठेवू” हे वाक्य घाईत म्हटलेलं असलं तरी अगदी बरोबर होतं. फक्त त्या वाक्याला तारखा जोडून घ्यायच्या आहेत.

पण आधी गोळीचा प्रश्न मिटवते, कारण ती आज रात्री घ्यायची आहे. अ‍ॅस्पिरिन घे. वारेची मुळं गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्यांना रुंद करतात, ते काम विसाव्या आठवड्याच्या आसपासपर्यंत चालतं. म्हणून गोळी सोळा आठवड्यांच्या आत सुरू झाली तर तिचा उपयोग. तू वेळेत आहेस. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे नावाच्या मोठ्या अभ्यासात जास्त जोखमीच्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन ३६ आठवड्यांपर्यंत दिली. ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्प्सिया ज्यांना नुसती दिखाऊ गोळी दिली त्यांच्यात ४.३ टक्के होता, अ‍ॅस्पिरिनवाल्यांत १.६ टक्के. बाळाच्या वाढीला तिचा फायदा होतो, पण तो इतका ठसठशीत नाही, हेही सांगते, म्हणजे तिच्याकडून भलती अपेक्षा राहणार नाही. एवढ्या डोसने रक्त पातळ होऊन बाळाला धोका होतो हे मैत्रिणीचं म्हणणं खरं नाही. तुला दमा असेल, पोटात अल्सर झाला असेल किंवा पूर्वी कधी अ‍ॅस्पिरिनने अंगावर पित्त उठलं असेल तर मात्र डॉक्टरांना आजच सांग. आणि हे वाचून दुसऱ्या कुणी स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका.

आता माप. बाळाची वाढ सोनोग्राफीत कशी बघतात ते समजलं तर तुझी निम्मी भीती जाईल. डॉक्टर बाळाच्या डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी घेतात. या चारांवरून वजनाचा अंदाज निघतो. यातला पोटाचा घेर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वारेतून पुरवठा कमी पडायला लागला की बाळ आपल्या यकृतातला साठा वापरतं, यकृत लहान होतं आणि पोटाचा घेर मागे पडतो. मेंदूकडचं रक्त ते शेवटपर्यंत जपतं, म्हणून डोकं त्या मानाने नीट वाढत राहतं. स्क्रीनवर पोटाचं गोल चित्र येतं, त्याच्या कडेने डॉक्टर ठिपक्यांचं वर्तुळ ओढतात. ते वर्तुळ दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी वजनाचा अंदाज बदलतो. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक यात गृहीतच असतो. म्हणून “बाळ दोनशे ग्रॅमने कमी” हे ऐकून रडत घरी येणाऱ्या मुलींना मी आधी हे समजावते.

शिवाय लहान बाळ आणि वाढ खुंटलेलं बाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू, तुझा नवरा, दोन्हीकडची माणसं लहानखुरी असाल तर बाळही लहान चणीचं असू शकतं आणि ते तब्येतीने ठणठणीत असतं. एका सोनोग्राफीवरून फरक कळत नाही, जसा फलाटावरच्या लोकलच्या एका फोटोवरून ती धावतेय की उभी आहे ते कळत नाही. दोन फोटो लागतात, मध्ये अंतर ठेवून. केंब्रिजमध्ये पहिलटकरणींवर झालेल्या एका अभ्यासात (२०१५) हेच दिसलं. गरज वाटली तेव्हाच सोनोग्राफी केली तर लहान बाळांपैकी २० टक्के सापडली, सगळ्यांची २८ आणि ३६ आठवड्यांना केली तेव्हा ५७ टक्के. आणि जन्मानंतर त्रास झाला तो मुख्यतः त्या लहान बाळांना, ज्यांच्या पोटाच्या घेराची वाढ मंदावलेली होती. नुसत्या लहान असलेल्यांना नाही.

तुझ्यासाठी मी असं आखलं असतं: १८ ते २० आठवड्यांत अ‍ॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळात व्यंग नाही ना ते बघणारी सोनोग्राफी, आणि त्याच सुमारास गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर, म्हणजे सोनोग्राफीतच रक्ताचा प्रवाह बघणं. मग २८, ३२ आणि ३६ आठवड्यांना वाढीची सोनोग्राफी. डॉपलर ठीक नसेल तर मधलं अंतर कमी करायचं, पण दोन आठवड्यांच्या आत पुन्हा वजन काढण्यात अर्थ नसतो, कारण तेवढ्या दिवसांतली वाढ मापाच्या चुकीतच बुडून जाते. हा आराखडा तुझ्या डॉक्टरांना दाखव. त्यांनी त्यांच्या अंदाजाने बदल केला तर त्यांचं ऐक, कारण त्यांनी तुला तपासलंय, मी नाही. पण तारखा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घे.

आणि शक्यतो एकाच ठिकाणी कर. आपल्याकडे एक सोनोग्राफी ऐरोलीला, दुसरी वाशीला ऑफर होती म्हणून, तिसरी ठाण्याला नणंदेच्या ओळखीने, असं सर्रास चालतं. मग एकीकडे पाचवा पर्सेंटाइल (म्हणजे शंभर बाळांत वजनाने खालून पाचवं), दुसरीकडे पंधरावा, आणि बाळ वाढलं की तक्ता बदलला हे कुणालाच सांगता येत नाही. दर वेळी आधीचे सगळे रिपोर्ट बरोबर ने, विशेषतः ती पहिली, सीआरएलवाली सोनोग्राफी. तुझे आठवडे त्या कागदावर ठरलेत. पुढे कुणी बाळाच्या मापावरून तारीखच पुढे ढकलली तर मागे पडलेलं बाळ कागदावर एकदम नॉर्मल दिसायला लागतं. हे मी होताना पाहिलंय.

एवढ्या सोनोग्राफ्या परवडत नसतील अशाही मुली हे वाचत असतील, म्हणून सांगते. चोविसाव्या आठवड्यापासून दर भेटीत साध्या टेपने पोटाची उंची मोजता येते, ओटीपोटाच्या खाली मधोमध लागणाऱ्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत. सेंटिमीटरचा आकडा साधारण आठवड्यांएवढा येतो. मोजताना टेपची आकड्यांची बाजू खाली ठेवायची आणि मोजून झाल्यावर उलटून वाचायची, म्हणजे मनातला आकडा हातात उतरत नाही. मापाची रेघ आडवी झाली की सोनोग्राफी मागायची. सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी असते, तिथे बीपी, रक्त, लघवी होते आणि जोखमीच्या बाईची वेगळी नोंद होते.

सासूबाईंबद्दल. त्यांच्या बोलण्यामागे काळजी आहे हे मला दिसतं, पण त्यांचं म्हणणं चुकीचं आहे आणि ते तुझ्या मनावरून उतरायला हवं. बाराव्या आठवड्यातलं पॅप-ए तू भात किती खाल्लास, उलट्या किती झाल्या, लोकलने गेलीस की रिक्षाने, यावर ठरत नाही. तुझं काहीही चुकलेलं नाही. हवं तर माझ्या उत्तराचा हा परिच्छेद त्यांना वाचून दाखव. आता दुप्पट जेवून, तूप-डिंकाचे लाडू चेपून वारेच्या रक्तवाहिन्या रुंद होत नाहीत. तुझं वजन तेवढं वाढेल. मुळात उपाशी, अशक्त बाईला पोटभर प्रथिनयुक्त जेवण मिळालं तर बाळाचं वजन सुधारतं, पण तो तुझा प्रश्न नाही. डाळी-उसळी, दूध-दही, अंडी-मासे खात असशील तर ते घरातलं रोजचं जेवणच पुरेसं आहे. हिमोग्लोबिन मात्र तपासून घे आणि लोहाची गोळी चुकवू नकोस. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायका रक्ताने कमी असतात आणि त्याचा बाळाच्या वजनाशी खरोखर संबंध आहे.

आणि एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही, कारण तो ओपीडीत कुणी विचारत नाही. घरात मिश्री आहे का? तू लावत नसशील, पण कोकणात आणि घाटावर कितीतरी घरांत सकाळी बायका मिश्री लावतात आणि गरोदरपणात मळमळीवर उपाय म्हणून सुनेलाही देतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्याने बाळाचं वजन कमी होतं. नवरा घरात सिगारेट ओढत असेल तर त्याने ती बाहेर नव्हे, बंदच करावी. घरच्यांना बाळासाठी काही करायची इच्छा आहे ना, मग हे करू दे.

पुढे कधी बाळ मापात मागे पडलं तर काय होईल, हे तू विचारलं नाहीस, पण ते मनात असणार. तेव्हा नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉपलर करतात. पुरवठा नीट असेल तर थांबून बघतात, बिघडत असेल तर तपासणी वारंवार होते आणि बाळ बाहेर कधी काढायचं हा निर्णय घ्यावा लागतो. फार लवकर काढावं लागलं तर फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. खरा उपचार म्हणजे योग्य वेळी बाळंतपण. वार दुरुस्त करणारं औषध अजून नाही. आर्जिनिनची पाकिटं, अमिनो अ‍ॅसिडची सलाईन, प्रोटीन पावडरी अशा वेळी भराभर लिहिल्या जातात, त्यांनी खुंटलेली वाढ सुरू होते याचा भरवशाचा पुरावा नाही. सिल्डेनाफिलच्या गोळ्यांबद्दल तर सावधच राहा. नेदरलँड्समध्ये गंभीर वाढ खुंटलेल्या बाळांसाठी त्या देऊन चाललेला प्रयोग २०१८ मध्ये मध्येच थांबवला, कारण त्या गटात जन्मानंतर फुप्फुसांचा त्रास होऊन बाळं दगावली.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत बाळाच्या हालचालीची तुला सवय झालेली असेल. कधी जास्त, कशी, ते तुझं तुला कळतं. ती नेहमीपेक्षा कमी वाटली तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. गोड सरबत पिऊन बघू, सकाळपर्यंत थांबू, असं करायचं नाही. आणि “पोट लहान दिसतंय”, “बाळ पाठीला लागलंय” असं येणारी-जाणारी म्हणतील, त्यावर काही ठरवू नकोस. पोटाचा आकार तुझ्या बांध्यावर आणि स्नायूंवर असतो.

राहिलं माहेर. यावरच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, पॅप-एपेक्षाही. सातव्या महिन्यात माहेरी जायचं म्हणजे २८ ते ३२ आठवड्यांच्या मधे, म्हणजे नेमकी जेव्हा दोन सोनोग्राफींमधली वाढ बघायची तेव्हाच डॉक्टर बदलतो, मशीन बदलतं, आणि कितीदा तरी निम्मी फाइल सासरच्या कपाटात राहते. मुलगी माहेरी सुखात असते, पण तिचं बाळ कुणाच्याच नजरेत सलग राहत नाही. डोहाळजेवण थाटात करा, हिरवी साडी नेस, त्यात काही अडचण नाही. पण चिपळूणचं तिकीट आत्ता काढू नका. अठ्ठाविसाव्या आठवड्याची सोनोग्राफी आणि डॉपलर होऊ दे. ते नीट आलं आणि तुझ्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर जा, आणि ३२ व्या आठवड्याची सोनोग्राफी तिथे कुठे, कोण करणार ते जाण्याआधी ठरवून जा. मागे पडलेलं दिसलं तर इथेच थांब आणि आईला कोपरखैरण्याला बोलावून घे. कितीतरी आया येतात, दोन महिने राहतात, त्यात कुणाचा मान जात नाही.

तोवर आईला फोन करून एक काम सांग. बाळंतपण जिथे करायचं म्हणताहेत तिथे रात्री सिझेरियनची सोय आहे का, भूल देणारे डॉक्टर येतात का, आणि कमी वजनाच्या बाळासाठी एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू) त्याच इमारतीत आहे की बाळ दुसरीकडे हलवावं लागतं, हे तिने स्वतः जाऊन विचारून यावं. उत्तरं कागदावर लिहून घ्यायला सांग. तो कागद, सुधारित वजनाचा डबल मार्कर आणि वरच्या तारखा घेऊन पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे जा, आणि ओपीडीत गर्दी असली तरी खुर्चीवरून उठायच्या आधी सगळं विचारून घे.